कोंबड्या, कैदी आणि आमचे भाऊसाहेब

गेले दोन महिने विकांताला काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं, त्यामुळे शनिवारही ऑफिसातच गेले, हे एक कारण. दुसरं कारण घरातलं आहे आणि आजचा लेख त्याच्याबद्दलच आहे. म्हणजे सुरुवात घरापासून, पण आपल्याला जायचंय १८८९ सालच्या जावा बेटावर. जरा दमानं घ्या.

आमच्याकडे दोन बजरीगर होते. दुकानदार त्यांना 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, सोसायटीतली पोरंही तेच म्हणतात, पण लव्हबर्ड वेगळे आणि हे वेगळे. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पिवळी ती चिंगी आणि निळे ते भाऊसाहेब. भाऊसाहेब हे नाव बायकोनं ठेवलं, कारण तो दांडीवर मान ताठ करून बसायचा आणि कुणी बोललं की नुसतं तिरकं बघायचा. वजन फार तर ३५ ग्रॅम, पण रुबाब सरपंचाचा.

खाणं काय, तर दुकानातून आणलेली कांगणी, म्हणजे आपलं राळं, थोडी बाजरी आणि पाणी. झालं. दोघं आवडीनं खायचे, वाटी रिकामी करायचे. आम्हाला वाटायचं, पक्षी आहेत, दाणे खातात, अजून काय हवं? मग एक दिवस भाऊसाहेब पिसं फुगवून कोपऱ्यात बसले ते हलेनात. नाकपुड्या ओल्या, एक डोळा सुजलेला. पक्षी बघणारे डॉक्टर शोधून काढले, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी चोच उघडून आत बघितलं आणि विचारलं, "खायला काय देता?" मी सांगितलं. "आणि हिरवं काही?" मी गप्प.

"अहो, नुसत्या दाण्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं," डॉक्टर म्हणाले. "तोंडाच्या, नाकाच्या आतलं अस्तर खराब होतं, मग इन्फेक्शन." त्यांनी औषध दिलं, पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब लिहून दिले आणि भाज्या सुरू करायला सांगितल्या.

आता इंजिनिअर माणूस काय करणार? कमतरता आहे ना? मग भरून काढा! मी थेंब दुप्पट टाकायला लागलो. वर इंटरनेटवरून मागवलेली एक पावडर दाण्यांवर. तीन आठवडे. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. मधल्या काळात रात्री जागून मी या व्हिटॅमिनचा इतिहास वाचत बसलो आणि एका गोष्टीनं चाट पडलो. माणसाला जीवनसत्त्व नावाची भानगड कळली तीच मुळी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांमुळे!

गोष्ट अशी.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, बेरीबेरीनं थैमान घातलं होतं. पाय बधिर होतात, मग लुळे पडतात, अंगाला सूज येते, शेवटी हृदय बंद पडतं. डचांचं सुमात्रातल्या अचे प्रांतात युद्ध चालू होतं आणि सैनिक गोळीपेक्षा जास्त या रोगानं आडवे होत होते. १८८६ मध्ये सरकारनं पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन डॉक्टरांचं पथक तिकडे धाडलं. त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून ख्रिस्तियान आयकमन नावाचा एक लष्करी डॉक्टर होता. वय २८. (माझंही तेवढंच. तुलना इथेच संपते.)

हा आयकमन आधी एकदा जावात नोकरी करून मलेरिया घेऊन परत गेला होता. त्याच वर्षी त्याची पहिली बायको वारली होती. बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत तो जंतुशास्त्र शिकत होता आणि तिथेच या पथकाशी त्याची गाठ पडली. आता काळ लक्षात घ्या. कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, १८८४ मध्ये कॉलऱ्याचा. प्रत्येक रोगामागे एक जंतू सापडणार अशी सगळ्यांची खात्री झालेली. त्यामुळे बेरीबेरीचाही जंतू शोधायचा, एवढंच काम. पथकाला रुग्णांच्या रक्तात काही जंतू दिसले, त्यांनी तसा अहवाल दिला आणि १८८७ मध्ये मायदेशी परतले. आयकमन मागे राहिला. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी इस्पितळात एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली आणि तो तिचा प्रमुख झाला.

प्रयोगासाठी त्यानं कोंबड्या घेतल्या. स्वस्त, सहज मिळणाऱ्या. काहींना जंतू टोचले, काहींना तसंच ठेवलं. १८८९ मध्ये कोंबड्या लंगडायला लागल्या, पडायला लागल्या. थेट बेरीबेरीसारखं! पण एक गडबड होती. ज्यांना टोचलं त्याही आजारी आणि ज्यांना काहीच केलं नव्हतं त्याही आजारी. त्याला वाटलं संसर्ग पसरला असणार, म्हणून कोंबड्या दुसरीकडे हलवल्या. तरी तेच. आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी एकाएकी सगळं थांबलं. आजारी कोंबड्या बऱ्या झाल्या, नवीन एकही आजारी पडेना. ज्या रोगावर प्रयोग करायचा तो रोगच गायब!

आमच्याकडे प्रॉडक्शनवर काही बिघडलं, किंवा आपोआप सुधारलं, की पहिला प्रश्न एकच असतो: काल काय बदललं? आयकमननं तेच विचारलं. तेव्हा कळलं की जूनच्या मध्यापासून प्रयोगशाळेतला माणूस खर्च वाचवायला इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात कोंबड्यांना घालत होता. पांढरा, पॉलिश केलेल्या तांदळाचा. पुढे तिथला आचारी बदलला. नव्या आचाऱ्याचं म्हणणं, लष्करी भात बिगरलष्करी कोंबड्यांना देणार नाही! झालं, कोंबड्या पुन्हा साध्या, बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. हा किस्सा मी रचलेला नाही, खुद्द आयकमननं नोबेलच्या व्याख्यानात सांगितलाय. एका सरकारी आचाऱ्याच्या नियमावर बोट ठेवण्यातून वैद्यकशास्त्र पुढे गेलं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळू देऊ नका :)

आयकमननं मग पद्धतशीर प्रयोग केले. पांढरा तांदूळ दिला की कोंबडी तीन-चार आठवड्यांत लुळी पडते, कोंडा दिला की उठून चालायला लागते. आपल्याकडे जो हातसडीचा तांदूळ म्हणतात त्यावरचा तो तांबूस पापुद्रा, त्यातच काहीतरी होतं. पण काय? इथे मात्र आयकमन चुकला. तो म्हणाला, भाताच्या स्टार्चमध्ये विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. जंतूंच्या जमान्यातला माणूस, रोग म्हणजे काहीतरी 'वाईट' अंगात शिरणं, यापलीकडे त्याला जाता येईना. काहीतरी चांगलं 'नसणं' हेही रोगाचं कारण असू शकतं, ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या गळी उतरण्यासारखी नव्हती.

कोंबडीला होतं ते माणसाला होतं कशावरून? त्याचं उत्तर आणलं आडोल्फ फोर्डरमन यानं. हा जावाचा आरोग्य निरीक्षक आणि गंमत म्हणजे हौशी पक्षी-अभ्यासक. आयकमनच्या सांगण्यावरून १८९६ च्या सुमारास तो जावातले शंभरेक तुरुंग पालथे घालत फिरला. एकूण कैदी जवळपास २ लाख ८० हजार. कुठल्या तुरुंगात कोणता तांदूळ हे स्थानिक पद्धतीवर ठरायचं, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. बिनपॉलिश तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी दहा हजारांत एकाला. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत शंभरात अडीच-तीन जणांना. म्हणजे काहीशे पटींचा फरक! त्यानं तुरुंगाची इमारत किती जुनी, जमीन कसली, हवा खेळती आहे का, गर्दी किती, हेही नोंदवलं. त्यातल्या कशाचाच संबंध लागेना. लागला तो तांदळाचाच.

१८९६ मध्ये तब्येत बिघडल्यामुळे आयकमन हॉलंडला परतला. त्याच्या जागी आला खेरित ग्रेन्स. माझ्या मते या गोष्टीतला खरा हिरो हाच, पण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. त्यानं विषाची थिअरी तपासायला साधा प्रयोग केला. कोंबड्यांना तांदूळ द्यायचाच नाही, भरपूर तापवलेलं मांस द्यायचं. स्टार्च नाही म्हणजे विष नाही. तरी कोंबड्या लुळ्या पडल्या! आणि त्यांना बरं करणाऱ्या पदार्थांमध्ये काय निघावं? हिरवे मूग. आपले आजारी माणसाला देतात तेच मूग. १९०१ मध्ये ग्रेन्सनं मांडलं की विषबिष काही नाही, मज्जातंतूंना लागणारा असा काहीतरी पदार्थ अन्नात असतो आणि तो नसला की हे होतं. आणि तो उष्णतेनं नष्ट होतो.

पुढची धाव लंडनमध्ये. पोलंडचा काझिमीर फुंक लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये कबुतरांवर काम करत होता. कोंड्यातून काढलेला अर्क लुळ्या कबुतराला दिला की ते काही तासांत उभं राहायचं. १९१२ मध्ये त्यानं या पदार्थांना नाव दिलं 'व्हिटामाइन'. व्हिटा म्हणजे जीवन आणि त्याला वाटलं हे सगळे अमाइन आहेत, म्हणून माइन. सगळे अमाइन नसतात हे कळल्यावर १९२० मध्ये ड्रमंड नावाच्या शास्त्रज्ञानं इंग्रजी शब्दाच्या शेवटचं 'ई' उडवलं आणि ए, बी, सी अशी अक्षरं लावायची पद्धत रूढ केली. आपण मराठीत 'जीवनसत्त्व' म्हणतो, त्यातलं 'जीवन' ते हेच.

पण तो पदार्थ शुद्ध स्वरूपात अजून हाती लागला नव्हता. तो लागला परत बटाव्हियातच, १९२६ मध्ये. यान्सेन आणि डोनाथ या दोघांनी कोंबडी-कबुतरं सोडून जावातल्या शेतातल्या चिमुकल्या मुनिया घेतल्या. पक्षी छोटा, म्हणून अर्काचा कणभर अंशही पुरतो आणि आजारही लवकर दिसतो. टेस्ट सायकल छोटी केली की बग लवकर सापडतो, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. शेकडो किलो कोंड्यातून काही मिलिग्रॅम स्फटिक निघाले. ते त्यांनी हॉलंडला म्हाताऱ्या आयकमनकडे पाठवले आणि त्यानं पक्ष्यांवर तपासून हेच ते, असा निर्वाळा दिला. हेच व्हिटॅमिन बी-१, थायमिन. १९२९ मध्ये त्याला हॉपकिन्सबरोबर नोबेल मिळालं, पण तो इतका आजारी होता की स्टॉकहोमला जाऊ शकला नाही. पुढच्या वर्षी गेला.

आपल्याकडेही हे काम झालं, निलगिरीत कुन्नूरला. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसननं तिथे बेरीबेरीवर संशोधन सुरू केलं, तेही कबुतरांवर. एका खोलीतलं ते काम वाढत वाढत जाऊन आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झालंय. आणि कोकण-गोव्यातल्या लोकांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. उकडा तांदूळ! भात सालासकट उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात मुरतं, मग गिरणीत कितीही सडला तरी बरंचसं शिल्लक राहतं. त्यामुळे उकडा खाणाऱ्यांना बेरीबेरीचा त्रास फारसा नव्हता. आजोळी उकड्याची पेज बघून नाक मुरडायचो, त्याबद्दल आज जाहीर माफी.

असो. पुढची यादी तर पक्ष्यांचीच आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवाळ्यात घरात कोंडलेली कोंबडीची पिल्लं पायांतून जायची. १९२० च्या दशकात कळलं की त्यांना ऊन मिळत नाही, म्हणजे व्हिटॅमिन डी मिळत नाही. कॉड माशाचं तेल दिलं की पिल्लं ठणठणीत. छपराखाली हजारो कोंबड्या पाळायचा धंदा उभा राहिला तो याच ज्ञानावर. (कोंबड्यांच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी म्हणावी की कसं, ते तुम्हीच ठरवा.) मग १९३० च्या दशकात कळलं की वनस्पतीजन्य डी-२ माणसाला चालतं, पण पक्ष्याला त्याचा फारसा उपयोग नाही, त्याला डी-३ च लागतं. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डामनं पिल्लांना चरबी काढलेला आहार दिला तर त्यांच्या अंगात रक्तस्राव व्हायला लागला. त्यातून १९३५ मध्ये व्हिटॅमिन के सापडलं. त्यातला 'के' हा रक्त गोठण्याच्या डॅनिश-जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर. त्यासाठी डामला १९४३ चं नोबेल मिळालं.

आता व्हिटॅमिन सी. बहुतेक पक्षी ते आपलं आपण तयार करतात, माणसाला येत नाही. पण १९५८ मध्ये कलकत्त्यातल्या रॉय आणि गुहा या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपला नेहमीचा लालबुड्या बुलबुल ते तयार करू शकत नाही. म्हणजे 'पक्ष्यांना सी लागत नाही' असं सरसकट म्हणायची सोय नाही. पक्षी बदलला की हिशोब बदलतो.

आणि नेमकं इथेच मी तोंडावर आपटलो.

बघा ना, एवढे नोबेल मिळाले, एवढी व्हिटॅमिनं सापडली ती कोंबड्या, कबुतरं आणि मुनियांच्या जिवावर. कोंबडीच्या खाद्यात कुठलं व्हिटॅमिन किती हवं याचे बारीक तक्ते आहेत, कारण त्यात पैसा आहे. पण पिंजऱ्यातल्या पोपटाचं काय? त्यासाठी वर्षानुवर्षं कोंबडीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून वापरले गेले. कोंबडी चार-सहा आठवड्यांत वाढवून कापायची असते. बजरीगर शहाण्यासारखा पाळला तर सात-आठ वर्षं जगतो. एकाचं स्पेसिफिकेशन दुसऱ्याला लावलं तर काय होणार?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये कॉकटेल जातीच्या पोपटांवर केलेला अभ्यास माझ्या वाचनात आला. काहींना व्हिटॅमिन ए अजिबात नसलेलं खाणं दिलं, काहींना नेमस्त, काहींना भरपूर. निष्कर्ष असा की प्रौढ कॉकटेलना कमतरतेपेक्षा अतिरेक जास्त बाधतो. ए आणि डी चरबीत विरघळतात, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाहीत, यकृतात साठत राहतात. उलट गाजर, लाल सिमला मिरची, हिरवा पाला यात असतं ते कॅरोटीन, त्यातून शरीर गरजेपुरतंच ए तयार करतं. म्हणजे भाजीला एक आपोआप बंद होणारा नळ असतो, थेंबांच्या बाटलीला नसतो.

हे मी वाचलं रात्री दीड वाजता. उठून पिंजऱ्यापाशी गेलो आणि पाण्याची वाटी रिकामी केली. सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "किती थेंब टाकत होतात?" मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पावडरचा डबा घेऊन या."

भाऊसाहेब त्यानंतर सहा दिवसांनी गेले. माझ्यामुळे गेले का? डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. तो आधीपासून आजारी होता, इन्फेक्शन होतंच, इतक्या लहान जिवात नक्की कारण सांगता येत नाही, असं म्हणाले. ते बहुधा खरंही असेल. पण बाटलीवर लिहिलेल्याच्या दुप्पट मीच टाकत होतो, आणि तेही 'जास्तीचं कधी वाईट नसतं' या भरवशावर. आयकमनला 'नसणं' हा रोग असू शकतो हे दिसत नव्हतं. मला 'असणं' हा रोग असू शकतो हे दिसलं नाही.

आई चार दिवस राहायला आली होती. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "अरे, आजीच्या मिठूला कधी कुणी थेंब दिले होते? भिजवलेली डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची नि कोथिंबिरीच्या काड्या. आपण खायचो त्यातलंच." खरंय. (आता मात्र देशी पोपट पाळू नका बरं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. आजीच्या काळी कुणी विचारत नव्हतं.) मिरचीत कॅरोटीन असतं आणि पक्ष्यांना ती तिखट लागत नाही, हे आजीला ठाऊक नव्हतं. मिठूला आवडते, एवढं ठाऊक होतं. पण सगळंच श्रेय आजीला देऊन मोकळं होता येत नाही. मिठूचा पिंजरा अंगणात उन्हाला असायचा. आमची चिंगी चौथ्या मजल्यावर बंद काचेच्या आत. काचेतून उजेड येतो, पण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण काच अडवते. तेव्हा आता रोज सकाळी वीस मिनिटं पिंजरा बाल्कनीत, अर्धा सावलीत, आणि मी शेजारी चहा घेऊन, कारण समोरच्या झाडावर कावळे आहेत.

चिंगी गाजराला आधी तोंड लावत नव्हती. जन्मभर दाणेच खाल्लेला पक्षी नवीन गोष्टीला अन्न समजतच नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे किसून दाण्यांत मिसळलं, दाणे एकदम बंद केले नाहीत. अकराव्या दिवशी तिनं चोच नारिंगी करून घेतली. आता कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, लाल सिमला मिरची आलटून पालटून. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा जाळीला अडकवलाय. पालक अधूनमधूनच, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. अव्होकाडो आणि चॉकलेट कधीच नाही, दोन्ही पक्ष्यांना विषारी. थेंबांची बाटली डॉक्टरांनी सांगितलं तरच उघडायची, आणि सांगितलं तेवढीच.

आजही सकाळी तिला बाल्कनीत घेऊन बसलो होतो. ती कोथिंबिरीच्या काड्या ओढत होती आणि मधेच दांडीच्या रिकाम्या बाजूकडे बघून एकदा ओरडली. तिला जोडीदार आणावा का, यावर घरात चर्चा चालू आहे. तुमच्यापैकी कुणाकडे पक्षी असतील तर आज एवढंच करा, वाटीत नुसते दाणेच आहेत का ते बघा.